बंद खिडकीची कड

शहाड स्टेशनवर सकाळची लोकल पकडायला उभं राहिलं की मधेच एखादी न थांबणारी गाडी धडधडत निघून जाते. मुंबई-शिर्डी वंदे भारत ही त्यांतलीच एक. ती आली की फलाटावरचे लोक दोन पावलं मागे सरकतात, कोणी मोबाइल वर धरतं, आणि काही सेकंदांत गडद काचांची एक सलग पट्टी डोळ्यांसमोरून सरकून जाते. नंतर कधीतरी कसाऱ्याची लोकल येते. तिच्या खिडकीला जाळी असते, काच वर चढवलेली असते आणि आतल्या माणसाचा घामेजलेला चेहरा स्पष्ट दिसतो.

लोकलच्या खिडकीत गूढ काही नाही. उकडलं की उघडायची, पाऊस आला की ओढून घ्यायची. वंदे भारतची खिडकी मात्र निराळी वस्तू आहे. तिच्यात दोन काचा असतात, मधे थोडी जागा असते आणि ती जागा चारही बाजूंनी कायमची बंद केलेली असते. लांब पल्ल्याच्या एसी डब्यातही अशीच खिडकी असते. त्यातली एखादी धुरकटलेली तुम्ही पाहिली असेल. आपण आतून रुमालाने पुसतो, काही फरक पडत नाही. यार्डात गाडी बाहेरून धुतली जाते, तरी धुकं तसंच. पाणी दोन काचांच्या मधे असतं आणि तिथे कोणाचाच हात पोहोचत नाही.

बंद जागेत पाणी आलं कुठून? उत्तर शोधायला काचेच्या कडेकडे बघावं लागतं. त्या कडेचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि योगायोगाने तो आपल्या घाटांच्या इतिहासासोबतच सुरू होतो.

१८६५

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५४ साली कल्याणला पोहोचली. तिथे रूळ दोन दिशांना फुटतात. एक फाटा अंबरनाथ-बदलापूरवरून बोर घाटाकडे जातो, दुसरा शहाडवरून, उल्हास नदी ओलांडून, थळ घाटाकडे. बोर घाट १८६३ साली खुला झाला आणि थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, १८६५ साली. आजही मालगाडी घाट चढताना मागून इंजिनांचा जोर लावावा लागतो. कसारा ते इगतपुरी चढ इतका खडा आहे की दर ३७ फुटांना रूळ एक फूट वर जातात.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १८६५ रोजी, न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांना एका खिडकीचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. एका काचेऐवजी दोन काचा समोरासमोर बसवायच्या, मधे हवा ठेवायची आणि कडा बंद करून टाकायच्या.

थंड देशांत हिवाळ्यात खिडकीला दुसरी खिडकी लावायची पद्धत आधीपासून होतीच. पण दोन खिडक्यांच्या मधे धूळ जायची, ओल धरायची, आणि दर मोसमात ती काढ-घाल करावी लागायची. मधली जागा कायमची बंद केली तर हा सगळा व्याप संपेल, असा स्टेटसन यांचा हिशेब होता.

मुळात दोन काचांनी थंडी का अडते? आपल्याकडे याचं उत्तर प्रत्येक घरात घडी घालून ठेवलेलं असतं. गोधडीची ऊब नुसत्या कापडाची नसते. जुन्या लुगड्यांच्या थरांमधे अडकून पडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ऊब येते. काचेतून उष्णता स्थिर हवेच्या जवळजवळ चाळीसपट सहज वाहते. म्हणजे खिडकीत खरं काम हवा करते; काच त्या हवेला धरून ठेवते आणि आरपार दिसू देते.

हवा मात्र स्थिर हवी. मधली जागा १२ ते १६ मिलिमीटर असेल तर ती बऱ्यापैकी गप्प बसते. जागा त्याहून फार रुंद केली तर हवा गरम बाजूने वर चढते, थंड बाजूने खाली उतरते, आणि तिच्या फेऱ्यांसोबत उष्णताही फिरू लागते.

स्टेटसन यांची कल्पना बरोबर होती, पण ती धंद्यात उतरायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. अडचण कडेची होती.

कंदील आणि थर्मास

काच कशालाही नीट चिकटत नाही. तापल्यावर ती थोडी प्रसरण पावते, धातू तिच्यापेक्षा बराच जास्त. दोघांना घट्ट जखडलं तर एक दुसऱ्याला फोडतो किंवा जोड सुटतो. जुन्या लाकडी खिडक्यांत काच बसवायला लांबी भरत. काही वर्षांत ती वाळून भेगाळायची. एकेरी काचेला ते चालून जातं, पण दोन काचांमधली हवा कोरडी ठेवायची तर केसाएवढी भेगही पुरते.

ही अडचण महाराष्ट्राने वेगळ्या वाटांनी ओळखली होती. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला.

कंदिलाची काच आठवून बघा. ती कुठेही चिकटवलेली नसते. खालच्या बैठकीवर ती नुसती टेकते आणि तारेच्या पिंजऱ्यात सैलसर उभी राहते. ज्योतीने काच तापते, फुगते, विझवल्यावर आकसते. त्या हालचालीला जागा ठेवलेली असते. कंदिलाला तेवढं पुरतं, कारण ज्योतीला हवा आत यायलाच हवी.

दुसरी वाट थर्मासची. त्याच तळेगावात पुढे ईगलचे थर्मास बनू लागले. थर्मासच्या आतल्या काचेच्या बाटलीला दोन भिंती असतात आणि मधे निर्वात पोकळी. तिथे कड नावाची गोष्टच उरत नाही, कारण दोन्ही भिंती तोंडाशी वितळवून एक केलेल्या असतात. हवा ओढून घेतल्यावर बंद केलेलं छोटं टोक तेवढं तळाशी राहतं. ते टोक टिचलं की थर्मास कामातून गेला, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

मग खिडकीही अशीच का नाही करत? बाटली गोल असते, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब ती सोसते. सपाट काचेच्या मागे पोकळी केली तर दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार येतो आणि दोन्ही काचा एकमेकींवर आदळतात. त्यामुळे साध्या खिडकीत पोकळी नको, हवाच हवी. आणि हवा म्हटली की तिला कोंडणारी कड आली.

गंधकाचा वास

१९३०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स हेवन यांनी ही कड धातूने बांधली. काचेच्या काठावर धातूचा पातळ थर चढवायचा आणि त्याला धातूची पट्टी डाख देऊन जोडायची. लिबी-ओवेन्स-फोर्ड या कंपनीने हीच खिडकी ‘थर्मोपेन’ नावाने विकली आणि ती गाजली. काही कारखान्यांनी दोन काचांच्या कडा थर्माससारख्या वितळवून जोडल्या. दोन्ही पद्धती टिकाऊ होत्या, पण महाग आणि ताठ. मोठ्या मापाच्या खिडक्यांना त्या झेपेनात.

वाट सापडली ती एका फसलेल्या प्रयोगातून. १९२०च्या दशकात कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक नावाचे रसायनतज्ज्ञ मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून स्वस्त द्रव बनवायच्या खटपटीत होते. भांड्यात तयार झाला तो रबरासारखा चिकट गोळा. तो पेट्रोलमध्ये विरघळेना, तेलाला दाद देईना, आणि त्याला गंधकाचा असह्य वास येत होता. हे पॉलीसल्फाइड. गंधक आणि डिंक या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याचं नाव ठेवलं ‘थायोकॉल’. कारखान्याच्या शेजाऱ्यांनी वासाबद्दल तक्रारींचा धडाका लावला.

शहाडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. सेंच्युरी रेयॉन १९५०च्या दशकात इथे आली. व्हिस्कोज रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, आणि तो काढायला कार्बन डायसल्फाइड लागतं, म्हणजे पुन्हा गंधकच. ज्या वस्तू दिसायला सुळसुळीत आणि चकचकीत असतात, त्यांच्या मागे कुठेतरी एखाद्या वस्तीने श्वासाबरोबर घेतलेला वास असतो.

दुसऱ्या महायुद्धात पॉलीसल्फाइडने विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे बुजवले. युद्धानंतर ते काचेच्या कडेला आलं. ते काचेला चिकटत होतं, धातूलाही चिकटत होतं, आणि ताणलं तर ताणलं जात होतं. लांबीला आणि डाखाला जे जमलं नव्हतं, ते या रबराला जमलं.

कडेच्या आत

आजची दुहेरी काच कापून बघितली तर कडेला चार भाग दिसतात.

पहिला स्पेसर, म्हणजे दोन काचांमधलं अंतर राखणारी पोकळ पट्टी, बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. बाहेरून बघताना काचेच्या काठाशी जी चंदेरी रेघ दिसते, ती हीच.

दुसरे त्या पोकळ पट्टीत भरलेले बारीक दाणे. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी असते, तेच काम हे करतात. पण इथे साधं सिलिका जेल पुरत नाही. मॉलिक्युलर सीव्ह नावाचे खनिजाचे दाणे वापरतात. त्यांच्यातली छिद्रं साधारण तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यातून आत शिरतो, हवेतल्या नायट्रोजनचा रेणू मोठा असल्याने बाहेर राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण दाण्यांनी नायट्रोजनही शोषला तर थंडीत काचा आत ओढल्या जातील आणि उन्हात फुगतील. स्पेसरच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. त्यांतून मधली हवा दाण्यांपर्यंत पोहोचते.

तिसरा भाग ब्यूटाइलची काळी दोरी. ती स्पेसर आणि काच यांच्यामधे दोन्ही बाजूंना दाबलेली असते. पाण्याची वाफ अडवण्यात ब्यूटाइलचा हात कोणी धरत नाही, पण त्याच्या अंगात ताकद नाही. ते च्युइंगगमसारखं मऊच राहतं.

म्हणून चौथा भाग, सर्वांत बाहेरचं सील. ते पॉलीसल्फाइडचं किंवा सिलिकॉनचं असतं. दोन काचांना एकत्र धरून ठेवणं हे त्याचं काम. सिलिकॉन उन्हाला पुरून उरतं, पण वाफ त्यातून सहज आरपार जाते. एक सील वाफ अडवतं, दुसरं भार पेलतं. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. दोन सीलांची ही जोडी रूढ व्हायला १९७०चं दशक उजाडलं.

यातलं कुठलंही सील पूर्ण बंद नसतं. बाहेर पावसाळ्याची दमट हवा, आत कोरडी हवा. वाफ रेणूरेणूने आत झिरपत राहते आणि दाणे ती पीत राहतात. एक दिवस दाण्यांचं पोट भरतं. त्यानंतर आत येणारी वाफ काचेवरच बसते. धुरकटलेली खिडकी दिसली तर समजावं, की दाण्यांची वर्षं भरली, किंवा कड कुठेतरी सुटली.

घाट चढताना

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून दोन वंदे भारत गाड्या एकाच दिवशी सुरू झाल्या. शिर्डीची शहाडवरून थळ घाटात जाते, सोलापूरची अंबरनाथ-बदलापूरवरून बोर घाटात. मागून इंजिन न लावता त्या घाट चढतात याचं मोठं कौतुक झालं. खिडकीच्या कडेला मात्र त्या घाटात वेगळाच जोर काढावा लागतो.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्के कमी असतो. समुद्रसपाटीला बंद केलेल्या दोन काचांच्या मधे मात्र मुंबईचाच दाब कोंडलेला. चिप्सचं पाकीट घेऊन घाट चढलात तर ते फुगून टम्म होतं, तेच इथे होतं. काच अजिबात वाकली नसती, तर दर चौरस मीटरवर आतून सातशे किलोंचा भार पडला असता. काच थोडी वाकते, म्हणून निभावतं. पण प्रत्येक वेळी ताण येतो तो कडेवर. परतीच्या प्रवासात गाडी उतरली की काच पूर्ववत होते. मधली हवा वीस-एक अंशांनी तापली तरी एवढाच ताण येतो, आणि आपल्या उन्हात तेवढं तापणं रोजचंच. म्हणजे अशी खिडकी दिवसातून अनेकदा श्वास घेते-सोडते, आणि दर श्वासाला कड थोडी झिजते.

त्यात आपला पावसाळा. चौकटीच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात. ती कचऱ्याने बुजली की खिडकीची खालची कड पाण्यात उभी राहते. पॉलीसल्फाइडला तेलाचं भय नाही, पण महिनोन् महिने पाण्यात राहणं त्याला सोसत नाही.

मग आपल्या उकाड्यात ही थंड देशांतली वस्तू लागतेच कशाला? थंड पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो. एसी डब्याला एकेरी काच असती, तर जुलैमध्ये तिला बाहेरून असाच घाम आला असता आणि प्रवाशाला घाटातला एकही धबधबा दिसला नसता. मधल्या हवेमुळे बाहेरची काच बाहेरच्या हवेइतकीच उबदार राहते आणि नजर मोकळी राहते.

शिवाय उन्हाचा ताप नुसत्या मधल्या हवेने फारसा अडत नाही. तो प्रकाशाबरोबर आत येतो. त्यासाठी काचेवर चांदीचा, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर देतात. हा थर नाजूक असतो. ओल लागली की काळवंडतो, म्हणून तो मधल्या बंद जागेतच तोंड करून बसवतात. थंड देशात कड सुटली तर ऊब जाते आणि काच धुरकटते. आपल्याकडे त्याबरोबर ज्या थरासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले, तोच खराब होतो.

शहाडच्या फलाटावरून

तळोज्याला १९९०च्या दशकात टाटा आणि जपानच्या असाही यांनी मिळून फ्लोट काचेचा कारखाना काढला. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरवून आरशासारखी सपाट करायची ही पद्धत. सपाट काच मिळाल्यावर ब्यूटाइलची दोरी कडेने सगळीकडे सारखी दाबली जाते. दुहेरी काचेला आवश्यक असलेली पहिली गोष्ट आपल्या शेजारीच बनू लागली. आता कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या नव्या टॉवरांच्या जाहिरातींत ‘डबल ग्लास’ हा शब्द सहज वापरला जातो.

या शब्दाची किंमत कडेवर ठरते. दोन काचा रबराच्या पट्टीत खोचल्या तरी त्या दोनच दिसतात. आत दाणे नाहीत, ब्यूटाइल नाही, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच धुकं हजर होतं आणि ते पुसता येत नाही. अख्खी काच बदलावी लागते. हप्ते फेडून घर घेणाऱ्याने काचेची जाडी विचारावी, पण त्याआधी विचारावं: सील एक आहे की दोन? स्पेसरमधे मॉलिक्युलर सीव्ह भरलं आहे का? धुरकटली तर किती वर्षांपर्यंत बदलून द्याल? अ‍ॅल्युमिनियमवाल्याला यांची उत्तरं येत असतील तर त्याला कड कळते.

लोकलच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आपल्यासमोर आहे. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ती डिसेंबर २०२०मध्ये आली. बंद काचेमागे बसायचं की जाळीमागे, हे इथे तिकिटाच्या दरावर ठरतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं मेली. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारं बसवायचं रेल्वेने जाहीर केलं, आणि त्याबरोबर सांगावं लागलं की दारांना झडपा असतील, छतावर हवा खेळवायची सोय असेल, डबे एकमेकांना जोडलेले असतील. पंधरा मिलिमीटरची जागा कोरडी राखायला माणसाने जवळजवळ शंभर वर्षं कडेचा विचार केला. कसाऱ्याहून निघालेल्या, चेंगरून भरलेल्या डब्याचं दार बंद करताना त्याच्या हवेचा विचार तेवढ्याच चिकाटीने व्हायला हवा.

पुढच्या वेळी एसी डब्यात खिडकीशी जागा मिळाली, तर बाहेर बघायच्या आधी काचेच्या काठाशी मोबाइलचा टॉर्च मारून बघा. चंदेरी पट्टीवर ओळीने बारीक भोकं दिसतील. कधी कधी पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि तारीखही छापलेली असते. त्या तारखेपासून आजपर्यंतचे पावसाळे मोजा. काच अजून स्वच्छ असेल, तर कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी ब्यूटाइलची दोरी चारही कोपऱ्यांत नीट दाबली होती.